आधी महिना, मग खोली, मग बोट

फोंड्याहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आवरून देतो:

"यजमान जूनअखेर बँकेतून निवृत्त होतायत. त्यानिमित्तानं एक क्रूझ करायची हे घरात ठरलंय, पण कुठली यावर एकमत होत नाही. मी म्हणते, मुरगावहून बसू आणि लक्षद्वीप करून येऊ. नणंद सिंगापूरहून पिनांगला जाऊन आली, ती तेच सुचवते. यजमानांना ऑगस्टमध्ये ग्रीसची बेटं बघायचीत. भाचा मायामीच्या बोटीवर नोकरीला आहे, तो म्हणतो, 'मावशी, बोट जेवढी मोठी तेवढी कमी हलते, सरळ कॅरिबियनला या.' अडचण अशी की मला चोर्ला घाटात गाडी लागते. सिकेरीच्या डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत तर मी आडवीच झाले होते. सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघ्यांचं दुखणं आहे. सोबत आठ वर्षांचा नातू. यजमान म्हणतात, 'मांडवीतल्या बोटीत तुला काही झालं नाही ना? मग झालं तर!' सगळ्यात कमी हलणारी क्रूझ कोणती, तेवढं सांगा."

ताई, उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. तुमच्या घरातली माणसं बघता फेब्रुवारीतली सिंगापूर, पोर्ट क्लांग, पिनांग अशी मलाक्काच्या सामुद्रधुनीतली फेरी पहिल्या नंबरावर. डिसेंबर ते फेब्रुवारीत आपल्याच किनाऱ्यावरची फेरी दुसऱ्या नंबरावर. त्यात लक्षद्वीप असेल तर एक अट आहे, ती पुढे येईल. कॅरिबियन समुद्र वाईट नाही, पण पहिल्याच क्रूझला गुडघे दुखणाऱ्या माणसाला एवढा विमानप्रवास कशाला? आणि यजमानांना सांगा, ग्रीस जरूर बघा, पण ऑगस्टमध्ये नको.

आता मांडवीचा मुद्दा. पणजीच्या जेटीवरून सुटणारी बोट नदीतच फिरते आणि तिथे हलण्यासारखं काही नसतं. तिच्यात तुम्हाला काही झालं नाही, याचा अर्थ तुमचं पोट समुद्राला तयार आहे असा होत नाही. पण सिकेरीच्या होडीत आडव्या झालात म्हणून मोठ्या बोटीतही व्हाल, हेही खरं नाही. डॉल्फिन दिसले की होडीवाला इंजिन बंद करतो. मग ती हलकी होडी प्रत्येक लाटेबरोबर चढते, उतरते, वरून पेट्रोलचा वास आणि डोक्यावर ऊन. पोट ढवळायला एवढं पुरे.

हा चढउताराचा वेग महत्त्वाचा. १९७०च्या दशकात अमेरिकेत माणसांना एका बंद खोलीत बसवून ती खोली यंत्रानं वरखाली करून बघितली होती. सर्वांत जास्त ओकाऱ्या झाल्या त्या साधारण पाच-सहा सेकंदांत एक फेरी या चालीला. त्याहून जलद हलवली तर माणसं वैतागतात, पण ओकत कमी. त्याहून बरीच सावकाश हलवली तरी त्रास कमीच. थांबलेली होडी लाटेच्याच चालीनं हलते आणि ती चाल नेमकी या वाईट पट्ट्यात येते. मोठी प्रवासी बोट कुशीवर कलते ती सावकाश, एका बाजूहून दुसरीकडे जाऊन परत यायला तिला पंधरा-वीस सेकंद लागतात. डेकवर चालणारा माणूस दारू प्यायल्यासारखा चालतो, पण बहुतेकांचं पोट जागेवर राहतं.

हे कुशीवर कलणं म्हणजे रोलिंग. बोटीचं तोंड वर जाऊन खाली आपटणं म्हणजे पिचिंग. सगळी बोटच लिफ्टसारखी वरखाली होते ते हीव्हिंग. कंपन्यांच्या माहितीपत्रकात 'अत्याधुनिक स्टॅबिलायझर' असं ठळक छापलेलं असतं आणि लोक त्यावर भाळतात. स्टॅबिलायझर म्हणजे पाण्याखाली दोन्ही कुशींतून बाहेर काढायचे पंख. बोट डावीकडे कलू लागली की ते वळतात आणि तिला उलट ढकलतात. रोलिंगवर हा चांगला उपाय आहे, यात शंका नाही. पण पिचिंग-हीव्हिंगला त्यांचा काही उपयोग नाही आणि पोट ढवळतं ते मुख्यतः या वरखाली होण्यानं. शिवाय पंखांना जोर येतो तो बोटीच्या वेगानं. बोट हळू झाली की त्यांची ताकद झपाट्यानं उतरते. नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटीत नेहमीच्या पंखांचा भरवसा धरू नका. 'आमच्या बोटीला स्टॅबिलायझर आहेत' असं एजंट म्हणाला तर मान डोलवा आणि पुढचा प्रश्न विचारा. ते बहुतेक सगळ्याच क्रूझ बोटींना असतात.

भाच्याचं म्हणणं तीन-चतुर्थांश खरं आहे. थोडं गणित सांगतो, यजमान बँकेतले आहेत, त्यांना आवडेल. खोल समुद्रात लागोपाठच्या दोन लाटांमध्ये जेवढे सेकंद जातात त्यांचा वर्ग करा आणि १.५६ने गुणा, लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. सहा सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, नऊ सेकंदांची १२६ मीटर, बारा सेकंदांची सुमारे २२५ मीटर. बोट लाटेपेक्षा बरीच लांब असेल तर ती एकाच वेळी दोन-तीन लाटांवर टेकून असते, तिचं तोंड फारसं वर जात नाही. लाटेची आणि बोटीची लांबी सारखी होऊ लागली की पिचिंग जोरात सुरू होतं.

आता बोटी बघा. २०२१ पासून मुंबईहून फिरू लागलेली कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही मूळची १९९० सालची 'नॉर्डिक एम्प्रेस', लांबी सुमारे २११ मीटर. भाच्याच्या मायामीहून सुटणारी 'आयकॉन ऑफ द सीज' २०२४ पासून प्रवासी घेऊ लागली, लांबी सुमारे ३६५ मीटर. सहा-सात सेकंदांच्या लाटा दोघींच्याही खिजगणतीत नाहीत. बारा सेकंदांच्या मोठ्या लाटांत मात्र एम्प्रेस नाचेल आणि आयकॉन त्यामानानं शांत राहील. (जाता जाता, जाहिरातीत जे लाखांतलं ग्रॉस टनेज असतं ते बोटीचं वजन नव्हे, आतल्या जागेचं माप आहे. त्यावरून ती किती हलेल हे कळत नाही.)

उरलेला चतुर्थांश असा, की मोठी बोट उंचही असते. इमारतीएवढ्या भिंतीवर वारा बसला की ती तासन्‌तास एका अंगाला कललेली राहू शकते. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'अँथम ऑफ द सीज' ही जवळपास ३४८ मीटरची बोट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत वादळात सापडली, लोकांना खोलीबाहेर पडू नका असं सांगावं लागलं आणि फेरी अर्धवट सोडून ती न्यू जर्सीला परतली. मोठेपणालाही हद्द असते.

म्हणून मी बोटीचं नाव शेवटी विचारतो. आधी समुद्र आणि महिना.

आपल्या समुद्राचं गोंयकाराला काय सांगायचं! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती उगाच नाही. जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' ही बोट कांदोळीच्या वाळूत येऊन रुतली आणि कित्येक वर्षं हलली नाही, तीही पावसाळ्याच्या तोंडावरच. नारळी पौर्णिमेला नारळ दिला म्हणजे समुद्र शांत झाला असं आपण म्हणतो, पण क्रूझच्या दृष्टीनं सप्टेंबर संपेपर्यंत थांबावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा मे महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात. मे २०२१ चं तौक्ते गोव्याच्या अंगणातूनच गेलं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. पहाटे पाणी तेलासारखं असतं, दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि आखूड लाटा उठतात. दोनशे मीटरच्या बोटीला त्या कळतही नाहीत.

एक गोष्ट मात्र लोकांना चकवते. वारा नाही, आकाश स्वच्छ, तरी बोट संथपणे डोलतेय. दक्षिणेकडच्या महासागरात हजारो किलोमीटरवर कधीतरी वादळ झालेलं असतं, त्याच्या लांबट, बुटक्या लाटा इथवर येतात. मुंबई-गोवा-कोची ही वाट उत्तर-दक्षिण आणि या लाटा नैर्ऋत्येकडून, म्हणजे बोटीला बऱ्याच अंशी कुशीवर घेणाऱ्या. लाटेची चाल आणि बोटीच्या कलण्याची चाल जुळली तर रोलिंग वाढतं. इथे स्टॅबिलायझर खरे कामाला येतात. निघण्याच्या दोन दिवस आधी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज बघा. त्यात लाटेची उंची असते तशी तिची सेकंदांतली चालही असते. लोक नुसती उंची बघून फोन खाली ठेवतात.

लक्षद्वीपची अट अशी. मुरगाव, कोची, मंगळूर इथे बोट धक्क्याला लागते, जिना उतरलात की जमीन. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचा कठडा आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठी बोट बाहेर उभी राहते आणि माणसांना लहान होड्यांतून नेतात. तिथे तुमच्या सासूबाईंचा प्रश्न येतो. होडी बोटीच्या कुशीला लावलेली असते, ती एकदा पायरीच्या वर येते, एकदा खाली जाते. खलाशी दोन्ही दंड धरतात आणि 'आता!' म्हणतात तेव्हा पाऊल टाकायचं. दुखऱ्या गुडघ्यांना ते पाऊल नको. आदल्या दिवशीच विचारून ठेवा, आणि सासूबाईंना बोटीवरच थांबायचं असेल तर त्यांच्यासोबत कोण हेही घरी ठरवून निघा. बेटावर जायचं तर भारतीयांनाही परवाना लागतो, तो फेरीत धरलाय का तेही बघा.

मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका अंगाला सुमात्रा आणि दुसऱ्या अंगाला मलाया. मोठ्या लाटेला वाढायला जागाच मिळत नाही. वळवासारख्या सरी येतात, अर्धा तास धिंगाणा घालून जातात. पोर्ट क्लांग आणि पिनांगला बोट धक्क्याला लागते. फुकेतही असेल तर बोट सामुद्रधुनीतून बाहेर अंदमान समुद्रात येते. नोव्हेंबर ते एप्रिल तोही शहाण्यासारखा वागतो, पण तिथे पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून होडीनं नेतात का, हे विचारा. मे ते ऑक्टोबर फुकेतला मान्सून थेट येऊन आपटतो. आणि सिंगापूरहूनच निघणारी पण व्हिएतनामकडे जाणारी फेरी डिसेंबर-जानेवारीत स्वस्त दिसली तर भुलू नका. दक्षिण चीन समुद्रात त्या दिवसांत ईशान्य मान्सून जोरात असतो. बंदर तेच, बोटही कदाचित तीच, पण समुद्र निराळा.

ग्रीस. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. आकाश निळंभोर, ढगाचा पत्ता नाही, आणि वारा दिवसेंदिवस थांबत नाही. त्याच्या लाटा आखूड आणि उभ्या. तीनशे मीटरच्या बोटीला त्यांचं फारसं काही वाटत नाही. लहान बोटीला आणि होडीला वाटतं. पण खरी गंमत बंदरात होते. सांतोरिनीला मोठी बोट धक्क्याला लागूच शकत नाही, होडीनं जुन्या बंदरावर जायचं, तिथून केबल कारच्या रांगेत उभं राहायचं नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या चढायच्या. वारा जास्त असला तर कप्तान बंदर सोडून पुढे निघून जातो आणि त्याच्या हातात दुसरं काही नसतं. ज्या बेटांसाठी गेलात तीच लांबून बघायची वेळ येते. मे महिन्यात किंवा सप्टेंबरच्या अखेरीस जा. यजमान तोवर निवृत्त झालेले असतील, त्यांना कुठे सुट्टी मागायची आहे!

कॅरिबियनमध्ये वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात, त्यामुळे थोडी हालचाल कायम असते. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातला सप्टेंबर सर्वांत वाईट. नॉर्वेच्या फियोर्डांत बोट डोंगरांच्या कुशीत असते, चहाच्या कपात तरंग उठत नाही. पण तिथवर पोचायला उत्तर समुद्र ओलांडावा लागतो आणि तो रोज गोड नसतो. अलास्काचा बेटांआडचा मार्गही असाच निवाऱ्याचा. अटलांटिक ओलांडायची हौस असेल तर त्यासाठीच बांधलेली 'क्वीन मेरी २' आहे, ३४५ मीटर लांब, खोल बुडाची, वेगवान, साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्री, तीही उन्हाळ्यात. आणि अंटार्क्टिकाचं कुणी सुचवलं तर हात जोडा. केप हॉर्नपासून दक्षिण शेटलंड बेटांपर्यंतची ड्रेक सामुद्रधुनी सुमारे ८०० किलोमीटरची, जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. गंमत म्हणजे पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या बोटीतून तिथे माणसं उतरवत नाहीत, म्हणून जगातल्या सर्वांत खवळलेल्या पाण्यात सर्वांत लहान बोटी जातात.

समुद्र आणि महिना ठरला की खोली. माझी नोकरी बोटीवर पर्सरच्या ऑफिसात होती, म्हणजे तक्रारींच्या खिडकीवर. वारा वाढणार असला की सकाळीच वरच्या पोहण्याच्या तलावावर जाळी पडायची, मग पाणीच काढून टाकायचे. जिन्याच्या कठड्यांत ओकारीच्या कागदी पिशव्या खोचल्या जायच्या. त्या दिसल्या की जुने प्रवासी न बोलता गोळी घेऊन झोपायला जात. जेवणघरात वेटर टेबलावरची चादर पाण्यानं ओली करत, म्हणजे ताटं घसरत नाहीत. बिस्केच्या उपसागरातल्या एका रात्री माझ्या खिडकीसमोर खोली बदलून मागणाऱ्यांची रांग लागली. त्यांत पुढचे बहुतेक सगळे बोटीच्या तोंडाकडच्या, वरच्या मजल्यावरच्या महागड्या स्वीटमधले. खालच्या मजल्यावरच्या, मधल्या, स्वस्त खोल्यांतली माणसं घोरत होती.

कारण सोपं आहे. पिचिंगमध्ये बोट सी-सॉच्या फळीसारखी हलते, टोकावर बसलेलं पोर वरखाली होतं आणि मध्यावरचं जवळपास जागेवर. दोनशे मीटरच्या बोटीचं तोंड फक्त दोन अंशांनी उचललं गेलं तर मध्यापासून ९० मीटरवरची खोली तीन मीटर वर जाते आणि मग तीन मीटर खाली. मध्यापासून १५ मीटरवरच्या खोलीला तेच अर्धा मीटर. रोलिंगचं गणित उंचीचं. पाच अंश कलताना तीस मीटर उंचावरचा माणूस अडीच मीटर बाजूला फेकला जातो, आठ मीटरवरचा जेमतेम सत्तर सेंटिमीटर. म्हणजे मध्यावरची आणि खालच्या मजल्याची खोली. समुद्र, महिना, बोट बदलणं आपल्या हातात नसेल तरी हे हातात असतं आणि बहुधा पैसेही कमी लागतात.

खिडकी हवी की नको? बिनखिडकीची आतली खोली हलायला तेवढीच, पण तुमच्यासारख्या गाडी लागणाऱ्या माणसाला क्षितिज दिसलेलं बरं. कान सांगतो हलतंय, डोळा सांगतो भिंत स्थिर आहे, या भांडणातून मळमळ होते. बाहेर बघितलं की भांडण मिटतं. म्हणून मी तुम्हाला खालच्या मजल्यावरची, मधली, खिडकीवाली खोली सांगेन. बाल्कनी छान असते, पण ती वर असते.

आता आवाज. शेपटाकडच्या खोल्यांत प्रोपेलरची थरथर लागते, जुन्या बोटींत जास्त. रात्री पाण्याचा ग्लास आरशाला लागून किणकिणतो तेवढी. तोंडाकडच्या खालच्या खोल्यांत पहाटे बंदरात शिरताना थ्रस्टरचा, म्हणजे बोट बाजूला सरकवणाऱ्या पंख्यांचा घरघराट आणि नांगराच्या साखळीचा खडखडाट. डेक प्लॅन, म्हणजे बोटीचा मजलेवार नकाशा उघडून तुमच्या खोलीच्या बरोबर वर आणि खाली काय आहे ते बघा. वर बुफे असेल तर पहाटे पाचला खुर्च्या सरकवतात, खाली डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत छातीत ढोल वाजतो. वरखाली दोन्हीकडे नुसत्या खोल्या असतील ती खोली घ्या. 'गॅरंटी' म्हणून स्वस्तात देतात ती नको, त्यात खोली कंपनी निवडते आणि उरलेलीच वाट्याला येते.

खोलीतलं एकदोन. रात्री कपाटातले रिकामे हँगर टकटक वाजतात, ते काढून खाली ठेवा. बोट फारच कलायला लागली तर लाइफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली सरकवा. गादी भिंतीकडे उतरती होते आणि माणूस त्या खळग्यात घट्ट बसतो. बोटीवरच्या पोरांची ही जुनी युक्ती. सकाळी जॅकेट जागच्या जागी ठेवायला विसरू नका.

गोळ्यांचं. बोट लागण्यावर आपल्याकडे ॲव्होमिन घेतात, सिनॅरिझिनही चालते. मळमळ सुरू व्हायच्या तास-दोन तास आधी घ्यायची. एकदा पोट ढवळायला लागलं की गोळी खाली उतरत नाही, वरच येते. झोप येते, तोंड कोरडं पडतं. सासूबाईंना काचबिंदू असेल, लघवीचा त्रास असेल किंवा झोपेच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. नातवाची मात्रा बालरोगतज्ज्ञ ठरवतील. परदेशी माणसं कानामागे औषधाची पट्टी लावतात, ती म्हाताऱ्या माणसांना नको, भ्रम होऊ शकतो. बोट लागू नये म्हणून मनगटावर बांधतात त्या पट्ट्यांचा अभ्यासकांना फारसा उपयोग दिसलेला नाही. आल्याचा काहींना गुण येतो, म्हणून आलेपाकाचं पाकीट पर्समध्ये असू दे, नुकसान तर नाही. रिकाम्या पोटी राहू नका आणि तळकट खाऊ नका. सिंगापूरच्या बोटींवर सकाळच्या बुफेत कॉन्जी नावाचं एक पातेलं असतं. झाकण उचलून बघा, आपली पेजच. तीच घ्या, वर मीठ.

किती रात्रींची फेरी, यालाही महत्त्व आहे. शरीराला समुद्राची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. दोन रात्रींच्या फेरीत ज्याला लागायचं त्याला दोन्ही दिवस लागतं आणि बरं वाटू लागेपर्यंत सामान बांधायची घोषणा होते. तुमच्यासाठी चार-पाच रात्री बऱ्या. उतरल्यावर एखाद-दोन दिवस घरातली फरशी हलतेय असं वाटेल, त्यानं घाबरू नका.

माणसांकडे येऊ. तुम्ही सासूबाईंची काळजी करताय, पण बोट लागण्याच्या बाबतीत चौघांत त्या बहुधा सगळ्यात सुरक्षित. वयाबरोबर हा त्रास कमी होत जातो. त्यांच्या तरुणपणी पणजी-मुंबई बोट होती; रोहिणी, सरिता, कोकण सेवक ही नावं त्यांच्या तोंडी असतील. त्या बोटीनं त्या गेल्या असतील तर विचारा, लागली होती का. मांडवीच्या पुराव्यापेक्षा तो पुरावा कितीतरी भक्कम. त्यांची काळजी घ्यायची ती पडण्याची. बाथरूमच्या दाराला उंच उंबरठा असतो, तो पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. चालताना एक हात नेहमी कठड्यावर, हातातली पिशवी तुमच्याकडे. लिफ्टजवळची खोली मिळाली तर उत्तम. ती बऱ्याचदा मध्यावरच असते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

सगळ्यात जास्त लक्ष हवं ते नातवाकडे. दोन ते बारा हे वय बोट लागण्याचं. हलत असताना टॅब्लेट हातात देऊ नका, खाली मान घालून बघणं हा घाटात पुस्तक वाचण्यातलाच प्रकार. त्याला डेकवर न्या, मधोमध, जिथून दूरची रेघ दिसते.

आणि तुमचं स्वतःचं. घाटात गाडी लागणाऱ्यांना बोट लागण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, हे खरं. अर्धशिशीचा त्रास असेल तर आणखी. म्हणून पहिली गोळी बोटीत चढायच्या आधी, धक्क्यावरच. बंदरातून बाहेर पडताना खोलीत सामान लावत बसू नका, खाली वाकून बॅगा उपसताना हमखास लागते. बॅगा यजमानांना लावू द्या. तुम्ही सासूबाई आणि नातवाला घेऊन वर डेकवर जा.

बुकिंग करताना एजंटला चार गोष्टी लेखी विचारा. खोलीचा नंबर कोणता, ती कुठल्या मजल्यावर आणि मध्यापासून किती लांब, कुठल्या बंदरात होडीनं उतरावं लागतं, आणि बंदर चुकलं तर पैशांचं काय. चौथ्याचं उत्तर बहुधा 'काही नाही' असंच येईल, पण ते आधी माहीत असलेलं बरं.